गाण्यांची मांडामांड

‘डीजे’ हा शब्द आपल्या शहरात उच्चारला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे याच भिंतींना ‘डॉल्बी’ म्हणतात. मूळ शब्दाशी मात्र या भिंतींचा काही संबंध नाही. ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकड्या निवडून त्या एकीमागून एक वाजविणारा माणूस. तबकड्या गेल्या, पाठोपाठ कॅसेटी आणि सीडीही गेल्या. निवडणारा माणूस तेवढा उरला. भिंतींविषयी वृत्तपत्रांत पुष्कळ येते आणि त्यातले बरेचसे खरेही असते; त्यात मी भर घालीत नाही. मला सांगायचे आहे ते त्या माणसापुढच्या लॅपटॉपविषयी, आणि त्यात साठविलेली तीन-चार हजार गाणी कशी लावून ठेवावीत याविषयी. गेले तीन हंगाम लग्नसराईच्या दिवसांत मी हे काम करीत आलो आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी असला विषय का निवडावा, असे कोणी विचारील. हे काम वरवर यांत्रिक दिसते. प्रत्यक्षात ते ग्रंथपालाचे काम आहे, आणि त्यातले अर्धेअधिक प्रश्न भाषेचे आहेत. शिवाय ते नीट न झाल्यास आपल्या भागातील कित्येक कवींची आणि गायकांची नावे आपल्या देखत पुसली जातील. त्या मुद्द्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी कामाची ओळख करून देतो.

‘व्हर्च्युअल डीजे’, ‘सेराटो’, ‘रेकॉर्डबॉक्स’, ‘ट्रॅक्टर’ ही या कामाची प्रचलित सॉफ्टवेअर होत; ‘मिक्स’ नावाचे एक विनामूल्यही मिळते. नावे निराळी असली तरी पडद्याची ठेवण सारखीच. वरच्या भागात दोन फिरत्या तबकड्यांची चित्रे असतात. एकीवरचे गाणे लोक ऐकत असतात, दुसरीवर पुढचे गाणे तयार ठेवायचे असते. खालच्या भागात एक लांबलचक तक्ता असतो. गाण्याचे नाव, गायक, प्रकार, लय, पट्टी, कालावधी, वर्ष, शेरा असे त्याचे रकाने. नवशिक्याचे सारे लक्ष वरच्या तबकड्यांकडे असते. पण चालू गाणे संपायला एक मिनिट उरले असताना नवरदेवाचा मामा येऊन कानाशी ओरडतो, ‘अरे, ते शिंदेंचं लाव ना!’, तेव्हा उपयोगी पडतो तो खालचा तक्ता. वरचे कौशल्य हाताचे आहे. खालचे काम घरी बसून, आठवडेच्या आठवडे, शांतपणे करावे लागते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचा आहे. आमच्या धंद्यात तो अक्षरशः लागू पडतो. कारण आमच्याजवळ वेळ असतोच मुळी मिनिटाभराचा. ग्रंथालयात पुस्तक सापडायला पाच मिनिटे लागली तर वाचक थांबतो. वरातीत पाच सेकंद शांतता पडली तर नाचणारे मागे वळून पाहतात.

नवी गाणी आत घेतली की सॉफ्टवेअर स्वतः काही गोष्टी मोजते. मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजते, गाणे कोणत्या पट्टीत आहे याचा अंदाज बांधते, आवाजाच्या चढउतारांचा आलेख काढते. हे सारे चार हजार गाण्यांसाठी एका रात्रीत होऊन जाते, आणि म्हणूनच पुष्कळांचा असा समज होतो की, लायब्ररी आता लागली. वस्तुतः यंत्राने मोजले आहे, ओळखलेले काहीच नाही. हे गाणे हळदीचे की बोळवणीचे, ते कोणी लिहिले, चौकात चालेल की फक्त मांडवात, यांपैकी यंत्राला काही ठाऊक नसते. ते माणसाने लिहावयाचे असते आणि त्यासाठीच ते रकाने आहेत.

गाण्याबरोबर गाण्याची माहिती जोडून ठेवण्याची गरज नवी नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःच आपले नाव मोठ्याने सांगते. मुद्रिका दूर जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तेथे तयार होत. तेथल्या कारागिरांना ना भाषा कळत होती ना गाणे. नाव ऐकून त्यांनी योग्य चिठ्ठी चिकटवावी, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. आज तेच काम ‘टॅग’ करतो. १९९६ साली एरिक केम्प याने एमपी-३ फाइलच्या शेपटीला अवघ्या १२८ बाइटांचे एक चिठोरे जोडण्याची पद्धत काढली. तिला ‘आयडी-३’ म्हणतात. त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, गायकाला ३०, अल्बमला ३०. आणि तीही रोमन लिपीतली. १९९८ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात जागा भरपूर आहे आणि देवनागरीही चालते. फार जुन्या फाइलींमधली गाण्यांची नावे मध्येच तुटलेली दिसतात, त्याचे कारण पुष्कळदा ते ३० अक्षरांचे बंधन हेच असते.

त्या पहिल्या पद्धतीत गाण्याचा प्रकार लिहावयाचा नव्हता. ८० प्रकारांच्या ठरीव यादीतून एकाचा क्रमांक निवडावयाचा होता. त्या यादीत ‘पोल्का’ आहे, ‘कॅबरे’ आहे. लावणी नाही, पोवाडा नाही, भारूड नाही. परिणामी आपल्याकडे फिरणाऱ्या फाइलींच्या ‘प्रकार’ या रकान्यात ‘अदर’, ‘पॉप’ किंवा ‘ब्लूज’ असे काहीतरी भरलेले आढळते. हा रकाना पहिल्याने कोरा करावा आणि आपली यादी आपण करावी, असे माझे मत आहे. माझी यादी अशी: भीमगीत, लावणी, पोवाडा, कोळीगीत, भारूड, गोंधळ व जोगवा, भक्तिगीत, कव्वाली, मराठी चित्रपट, हिंदी चित्रपट, नुसते वाद्यवादन. पंधराच्या वर प्रकार जाऊ देऊ नयेत. यादी लांबली की ऐन वेळी आपल्यालाच आठवत नाही.

आता भाषेचा प्रश्न. आपली गाणी मराठी, पण फाइलींची नावे रोमन लिपीत. आणि मराठी रोमनमध्ये कसे लिहावे याबाबत दोन माणसांचे एकमत नाही. ‘विठ्ठल’ लिहिताना ‘टी’ एक की दोन, ‘एच’ एकदा की दोनदा? ‘वामन’चा ‘व’ ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने? ‘माझ्या’तल्या ‘झ’साठी ‘जे-एच’ की ‘झेड’? ‘भीम’मध्ये ‘आय’ की दोन ‘ई’? संगणक अक्षराला अक्षर जुळवून पाहतो; उच्चार त्याला कळत नाही. तेव्हा आपल्या संग्रहात गाणे असूनही ते नाही असेच तो सांगतो. यावर उपाय एकच. वहीच्या एका पानावर आपले नियम लिहून काढावेत आणि ते मोडू नयेत. ‘व’साठी नेहमी ‘व्ही’, दीर्घ स्वरासाठी एकच अक्षर, जोडाक्षरात दोन ‘टी’ व एक ‘एच’; नियम कोणताही असो, तो एकच असला पाहिजे. शीर्षक या नियमाने रोमनमध्ये लिहावे, कारण अंधारात, घाईत, इंग्रजी कळफलकावर शोधावयाचे असते. शेऱ्याच्या रकान्यात मूळ नाव देवनागरीत द्यावे, कारण खरे नाव तेच आहे.

शोधण्याचा दुसरा घोटाळा रकान्यांच्या सरमिसळीमुळे होतो. ‘विठ्ठल’ हा शब्द घातला, की पंढरीच्या विठ्ठलाची भक्तिगीते आणि शाहीर विठ्ठल उमप यांची गाणी यांची एकच भेळ पडद्यावर येते. गायकाचे नाव शीर्षकात घुसडले नसेल, तर शोध केवळ गायकाच्या रकान्यापुरता मर्यादित करून हा गोंधळ टळतो. ‘शिंदे’ हे उदाहरण तर याहून बोलके आहे. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद, आनंद शिंदे यांचे पुत्र आदर्श आणि उत्कर्ष. तीन पिढ्यांचे गाणारे घर. फाइलीवर नुसते ‘ए. शिंदे’ असले तर ते वडील की मुलगा, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. तेव्हा आद्याक्षरे लिहू नयेत. पहिले नाव पूर्ण लिहावे.

गाणी ठेवावयाची कशी, याविषयी नेहमीची पद्धत अशी की, प्रत्येक गायकाचा किंवा प्रसंगाचा एकेक फोल्डर करावयाचा आणि तीच फाइल चार ठिकाणी उतरवून ठेवावयाची. ही पद्धत मला सदोष वाटते. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची भक्तिगीते गायिली, भीमगीते गायिली आणि कव्वाल्याही गायिल्या. त्यांच्या गाण्यांचा एकच फोल्डर केला तर आषाढी एकादशी आणि १४ एप्रिल एकाच पेटीत कोंडल्यासारखे होते. जुन्या ग्रंथालयात पुस्तक एकाच फडताळात असे. पण त्याची तालिकापत्रे तीन असत: लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे. येथेही तसेच करावे. फाइल एकाच जागी ठेवावी आणि तिचा उल्लेख हव्या तितक्या ‘प्लेलिस्टीं’त करावा. ‘सेराटो’मध्ये या याद्यांना ‘क्रेट’ म्हणतात. तबकड्या खोक्यात भरून नेण्याच्या दिवसांची ती आठवण आहे. यादीतून नाव काढले तरी गाणे जात नाही, आणि एक गाणे दहा याद्यांत घातले तरी जागा एकाचीच लागते.

याद्या प्रसंगावरून कराव्यात आणि प्रसंग आपल्या गावचे असावेत. या शहराचे वर्षच मुळी गाण्यांनी बांधलेले आहे. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी नामविस्तार दिनाची गर्दी होते. १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, तेव्हा क्रांती चौक फुललेला असतो. मग पैठणची नाथषष्ठी, १४ एप्रिलची भीमजयंती, राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासून निघणारी विसर्जन मिरवणूक, कर्णपुऱ्याची नवरात्रातली यात्रा. लग्नाच्या याद्या वेगळ्या: हळद, परण्या (मारुतीच्या देवळापर्यंत जाणारी नवरदेवाची मिरवणूक), वरात, पंगत, बोळवण. पंगतीच्या यादीत गाणी मंद आणि बहुधा जुनी असावीत. जेवणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू आले पाहिजे.

यंत्राने मोजलेल्या आकड्यांवरही आंधळा विश्वास टाकू नये. लयीच्या बाबतीत दोन चुका हमखास आढळतात. पहिली दुपटीची: मिनिटाला ७० ठोक्यांचे गाणे यंत्र १४० चे ठरविते किंवा उलट. यावर उपाय सोपा आहे; टाळी वाजवून पाहावे आणि निम्मे अथवा दुप्पट करण्याचे बटन दाबावे. दुसरी चूक खोल आहे. ही सॉफ्टवेअर मुख्यतः पाश्चात्त्य नृत्यसंगीतासाठी घडलेली. ती चार-चार ठोक्यांचे गट धरून गाण्यावर जाळी आखतात. केरव्याच्या आठ मात्रा या जाळीत नीट बसतात. दादऱ्याच्या अंगाने जाणारे सहा मात्रांचे गाणे बसत नाही, आणि समेची खूण भलत्याच ठोक्यावर पडते. त्यातून जुन्या गाण्यांत वादक प्रत्यक्ष बसून वाजवीत. अंतऱ्याला लय किंचित चढे, शेवटी आणखी चढे. यंत्र समजते की लय आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे. अशा गाण्यांच्या शेऱ्यात मी ‘सहा मात्रा’ किंवा ‘लय चढते’ असे लिहून ठेवतो आणि ती दुसऱ्या गाण्यावर चढवून मिसळीत नाही; एक संपवून दुसरे सुरू करतो.

पट्टीचा रकाना तर अनेकांना कोडेच वाटतो. तेथे ‘८ बी’, ‘९ ए’ अशी चिन्हे दिसतात. घड्याळाच्या तबकडीसारखे १२ आकडे, आणि प्रत्येकाला ‘ए’ म्हणजे मायनर व ‘बी’ म्हणजे मेजर, अशी ही ‘कॅमेलॉट’ पद्धत. शेजारच्या आकड्यांची गाणी एकमेकांत चांगली मिसळतात, असा तिचा नियम. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘८ बी’ म्हणजे पांढरी एक. तिचे शेजारी ‘९ बी’ म्हणजे पांढरी पाच आणि ‘७ बी’ म्हणजे पांढरी चार. पांढरी एकला षड्ज मानले, तर हे शेजारी म्हणजे पंचम आणि मध्यम. तंबोऱ्याची पहिली तार ज्या दोन स्वरांत लावतात, तेच हे दोन; नियम परका नाही, नाव तेवढे परके आहे. मात्र यंत्राला मेजर आणि मायनर एवढे दोनच साचे ठाऊक असतात. भैरवीतले गाणे त्याच्यापुढे आले, की त्यातले कोमल स्वर पाहून ते षड्जच चुकीचा ठरविण्याचा संभव असतो. तेव्हा भैरवीतल्या गाण्यांची पट्टी कानाने किंवा पेटीवर पाहून घ्यावी. आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. पट्टी बांधून ठेवणारे बटन बंद असताना गती सुमारे ६ टक्क्यांनी वाढविली, की गाणे अर्ध्या स्वराने चढते. पांढरी एकचे काळी एक होते.

गाण्यात खुणा करून ठेवण्याची सोय असते. तिला ‘क्यू’ म्हणतात. जुन्या गाण्यांना दीड-दीड मिनिटाची सुरावट असते. वरातीत तेवढा धीर कोणाला नसतो. म्हणून पहिली खूण मुखड्यावर, दुसरी अंतऱ्यावर, तिसरी ढोलकीच्या तुकड्यावर करावी आणि त्यांना हीच नावे द्यावीत. ताऱ्यांचा रकाना आपल्या आवडीनिवडीसाठी वापरू नये. गाण्यावर लोक किती नाचतात, हे त्यात लिहावे. माझ्या आवडीच्या पुष्कळ गाण्यांना मीच एकेक तारा दिलेला आहे.

कालावधीच्या रकान्याचे महत्त्व कायद्याने वाढविले आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. राज्य शासन वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. म्हणजे सात वाजता निघालेल्या वरातीला १८० मिनिटे मिळतात. प्रत्येक गाणे अडीच मिनिटे वाजविले तर ७२ गाणी होतात. शेवटची दहा आधी ठरवून ठेवली, म्हणजे दहाच्या ठोक्याला ऐन रंगात आलेले गाणे तोडावे लागत नाही आणि भांडणही होत नाही.

साठवणुकीचा हिशेबही साधा आहे. ३२० केबीपीएस दर्जाच्या गाण्याला मिनिटाला २.४ एमबी जागा लागते. पाच मिनिटांच्या गाण्याला १२ एमबी, आणि चार हजार गाण्यांना ४८ जीबी. याचा अर्थ सारी लायब्ररी ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावते. तेव्हा दुसरी प्रत घरी न ठेवण्यास काही सबब उरत नाही. मात्र गाणी उतरवून घेणे पुरेसे नव्हे. याद्या आणि खुणा यांपैकी बऱ्याच गोष्टी सॉफ्टवेअर आपल्या निराळ्या वहीत टिपून ठेवते. त्या वहीचीही प्रत हवी. तसेच एकदा आत घेतलेल्या फाइली बाहेरून हलवू नयेत किंवा त्यांची नावे बदलू नयेत. फडताळ बदलले आणि तालिकापत्र तसेच राहिले, तर पुस्तक सापडणार नाही.

आता शेवटचा मुद्दा. गाण्याचे ‘रिमिक्स’ एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर फिरत जातात, आणि प्रत्येक हाताबरोबर त्यांची माहिती झिजत जाते. गायकाच्या रकान्यात रिमिक्स करणाराचे नाव येते, पुढे एखाद्या संकेतस्थळाचे येते, आणि अखेरीस ‘ट्रॅक ०७’ एवढेच उरते. चित्रपटगीतांचे यात फारसे बिघडत नाही. त्यांची नोंद इतरत्र असते. पण लोककवींचे तसे नाही. वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडी गावी झाला. २००४ साली ते गेले. गावोगाव फिरून ते स्वतः गात, आणि त्यांची गाणी इतर अनेक गायकांनीही गायिली. फाइलीवर गायक असतो, कवी नसतो. वस्तुतः आयडी-३ च्या सुधारलेल्या आवृत्तीत गीतकारासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो पडद्यावर सहसा दिसत नाही, म्हणून कोणी भरीत नाही. वामनदादांचे नाव मोठे आहे, ते टिकेल. परंतु ज्या शाहिरांची एकेक-दोनदोन कॅसेटच निघाली, त्यांचे नाव कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदावर होते. कॅसेटवरून गाणे लॅपटॉपवर उतरले. कागद डबीतच राहिला. मोबाइलमधली गाणी ओळखणारी साधने अशा वेळी काही कामाची नसतात, कारण त्यांच्या संग्रहात हे गाणे कधी गेलेलेच नसते.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या घरी, विशेषतः नागसेनवनाच्या परिसरात, सिडको-हडकोत किंवा खेड्यावरच्या घरी अशा जुन्या कॅसेटी असतील, तर फेकण्यापूर्वी त्या डबीतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. गीतकार, गायक, संगीत, वर्ष, कॅसेट काढणाऱ्याचे नाव. जे असेल ते फाइलीच्या टॅगमध्ये आणि शेऱ्यात लिहावे. कागद नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना गाणे ऐकवून विचारावे. त्यांना पुष्कळदा कवीचे नावच नव्हे, त्याचे गावही ठाऊक असते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या हौशी संग्राहकांनी जुन्या तबकड्यांच्या बाबतीत अशीच माहिती चिकाटीने गोळा केली. कॅसेटींच्या पिढीसाठी ते काम आपल्यालाच करावे लागेल. एका गाण्याला दोन मिनिटे लागतात. रोज पंधरा गाणी घेतली तर चार हजार गाण्यांचा संग्रह नऊ महिन्यांत लागतो, म्हणजे एका लग्नसराईच्या अखेरीपासून पुढच्या लग्नसराईच्या भरापर्यंत.